उतारवयाचा निवारा : दया, हक्क आणि हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की मी नववीत शाळा सोडलेला माणूस. माझा इतिहास हजेरीपत्रकातला, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्यांतला आणि जळगावच्या व. वा. वाचनालयात संध्याकाळी बसून वाचलेल्या पुस्तकांतला. ते म्हणाले, तोच सांगा. म्हणून आज मी एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. गेली तीस वर्षे तो मला युनियनच्या कचेरीत विचारला जातो. विचारणारा बहुधा साठीचा असतो. हातात चेकची झेरॉक्स असते. इकडे तिकडे पाहून, आवाज खाली आणून तो विचारतो, "भाऊ, मना पैसा कितला दिन पुरतीन?" आणि जरा थांबून पुढे म्हणतो, "नाही पुरले, तर मी कुठे जाऊ?"

पहिल्या प्रश्नाला आकडेमोड लागते. दुसऱ्याला मात्र थोडे मागे जावे लागते. कारण म्हाताऱ्या माणसाने कुठे जावे हे आजवर कोण ठरवीत आले, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही.

इसवी सन १८३४ हे साल ध्यानात ठेवा. त्या साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने गरिबांसंबंधीचा नवा कायदा केला. ज्याला सरकारी मदत हवी त्याने 'वर्कहाऊस' नावाच्या घरात येऊन राहावे, असे त्याचे धोरण होते. त्या घरात नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला. साठीच्या पुढल्या जोडप्यांना एकत्र राहू देण्याची सवड कायद्यात यायला १८४७ साल उजाडले. आता गंमत पाहा. त्याच १८३४ साली आपल्या मुंबईत जमशेटजी जिजीभाई आदी शेटमंडळींच्या पुढाकाराने पांजरापोळ निघाली. भाकड गाय, म्हातारा बैल यांची सोय झाली. माणसासाठी काही काढावे असे कोणाला वाटले नाही, कारण माणसाची सोय घरातच होते असे सर्वांनी गृहीत धरले होते.

ते गृहीत खरे होते काय? काही अंशी होते. ज्याच्या नावावर जमीन होती, वतन होते, बलुत्याचा हक्क होता, त्याच्या म्हातारपणाला आधार होता. मुलगा बापाला विचारी, यात मुलाचे प्रेम होते हे मी नाकारीत नाही. पण बापाच्या नावचा सातबाराही होता. आपल्या शास्त्रांत वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घर सोडून निघायचे केव्हा हे तिथे गृहस्थ स्वतः ठरवितो. सून ठरवीत नाही, मुलगाही ठरवीत नाही. आज 'वृद्धाश्रम' या शब्दात 'आश्रम' तेवढा उरला आहे. ठरविण्याचा अधिकार उरला आहे काय, हे आपण पाहू.

पण ही झाली घरदार असलेल्यांची गोष्ट. आपल्या खानदेशातल्या सालदाराचे काय? सालदाराचे साल पाडव्याला किंवा आखाजीला ठरे. ज्या वर्षी त्याला औत धरवेना, त्या वर्षी त्याचे साल ठरत नसे. हीच त्याची निवृत्ती! पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लागे, पाठीवर झूल चढे; त्याच बैलामागे तीस वर्षे चाललेला माणूस ओसरीच्या कडेला बसून ते पाही. वानप्रस्थाला जायचे तर आधी गृहस्थाला घर असावे लागते. ते त्याला नव्हते.

अशा निराधारांसाठी पुढे दयेची दारे उघडली. पुण्यात १८६० नंतरच्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी गृह उभे राहिले. आज ते 'निवारा' या नावाने चालू आहे. अशा दात्यांचे उपकार मी मानतो. पण दयेचा एक स्वभाव आहे. ती घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, आणि ती केव्हा मिळेल, किती मिळेल, हे देणारा ठरवितो.

मग गिरण्या आल्या. जळगावला खानदेश मिल १८७० नंतर निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. धुळ्यालाही न्यू प्रताप मिलचा भोंगा वाजू लागला. खेड्यातला माणूस गिरणीच्या चाळीत आला आणि म्हातारपणाचा प्रश्नच पालटला. त्याच्या नावावर जमीन राहिली नाही. मजुरी हीच त्याची मिळकत. हात चालेपर्यंत मजुरी, आणि हात थांबला की काहीच नाही. सेवा संपताना मालकाने खुशीने चार पैसे दिले तर दिले. त्याला 'बक्षिसी' म्हणत. शब्दच सांगतो की ती मागता येत नसे.

युरोपात हाच प्रश्न आधी उभा राहिला होता. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली म्हातारपणाच्या विम्याचा कायदा झाला. कामगार, मालक आणि सरकार तिघांनी त्यात भर घालायची. वयाची अट ७० वर्षांची, म्हणजे तिथवर पोचणारे थोडेच; १९१६ साली ती ६५ वर आली. इंग्लंडने १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली, आणि ती पोस्टात मिळे. पाच शिलिंग ही काही मोठी रक्कम नव्हे. पण म्हातारी पोस्टात जाऊन आपल्या हाताने ते पैसे घेई, आणि मुलाच्या घरी राहताना चार पैसे पुढे करू शके. वर्कहाऊसात जायचे की घरी राहायचे, हे सांगण्याइतका आवाज तिला त्या पाच शिलिंगांनी दिला.

आपल्याकडे तो आवाज मिळायला १९५२ साल यावे लागले. त्या साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला आणि आरंभी तो सहा धंद्यांना लागू झाला. त्यांत कापडाचा धंदा होता. वर्गणी शेकडा सव्वासहा. हा आकडा विचित्र वाटतो, पण तेव्हाचे नाणे आठवा : रुपयामागे बरोबर एक आणा! कामगाराचा एक आणा आणि मालकाचा एक आणा. माझे वडील गिरणी कामगार होते. ते सांगत, की पहिल्यांदा आणा कापला गेला तेव्हा खात्यात कुरकुर झाली. एक जाणता जॉबर म्हणाला, "अरे, तुझा आणा कापला हे दिसते; मालकाचा आणा तुझ्या नावावर पडला हे का दिसत नाही?" म्हातारपणाचा पैसा ही मागे टाकलेली मजुरी आहे, हे त्या जॉबरने एका वाक्यात सांगितले.

त्यानंतर एकेक पाऊल पडत गेले. १९५७ साली रेल्वेत पेन्शन आली आणि भुसावळच्या रेल्वे कॉलनीत म्हाताऱ्याचा मान वाढला. १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा महाराष्ट्राने केला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने 'बक्षिसी' या शब्दाचे दिवस संपविले. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हक्काने मिळू लागला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. तो खटला सरकारी निवृत्तांचा होता, पण त्यातले तत्त्व आम्ही गिरणीच्या फाटकावरही सांगितले.

असे असता प्रश्न सुटला का नाही? दोन कारणे आहेत. पहिले हे, की फंडाची रक्कम एकठोक हातात येते आणि एकठोकच जाते. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, मुलाचे दुकान. महिन्याच्या महिन्याला काही यावे म्हणून १९९५ साली कामगार पेन्शन योजना आली, पण तिचा हिशेब तोकडा आहे. पेन्शनयोग्य पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची मर्यादा आणि ३० वर्षांची नोकरी धरली, तरी महिना ६,४२८ रुपये होतात. आमच्या चटईच्या कारखान्यांतल्या, डाळमिलांतल्या बहुतेकांची बेरीज याच्या निम्म्यावरही जात नाही. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन ठरली ती १,००० रुपये. शिवाय महागाई वाढली म्हणून ही पेन्शन वाढत नाही.

दुसरे कारण असे, की सालदार, मोलकरीण, दुकानातला नोकर या सर्वांच्या दारावरून हे कायदे पुढे निघून गेले. त्यांच्यासाठी १९८० साली महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना निघाली, पुढे श्रावणबाळ योजना आली. श्रावणबाळाची रक्कम २०२३ साली महिना १,५०० रुपये झाली. नाव मोठे भावपूर्ण आहे. पण कावडीत बसलेल्या आईबापांना काय हवे होते, हे पंधराशे रुपयांत बसत नाही.

आता निवाऱ्याकडे वळू. महाराष्ट्र सरकारने १९६३ साली निराधारांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. पुरुषाला साठ आणि स्त्रीला पंचावन्न वर्षांची अट होती, राहणे-जेवणे मोफत. १९९५ साली 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आली. तिच्यात गरिबाला फुकट आणि ज्याला थोडी प्राप्ती आहे त्याला पैसे भरून, अशी दोन्ही सोय होती. जळगावलगत सावखेडा शिवारात असा मातोश्री आश्रम आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तो पाहिला असेल. २००७ साली केंद्राने आईबापांच्या व ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा केला. जिल्ह्यास निदान एक, दीडशे निराधारांचा आश्रम असावा असे त्यात म्हटले; मात्र सरकार असा आश्रम 'काढू शकेल', अशी शब्दयोजना केली. 'काढील' आणि 'काढू शकेल' यांतले अंतर कामगार चळवळीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ती मोकळी जागा मग खासगी आश्रमांनी भरली. त्यांतले काही उत्तम आहेत. पण तिथे दया नाही आणि हक्कही नाही; अनामत रक्कम आणि मासिक आकार आहे. म्हणून तिथे हिशेब हवा.

हा हिशेब मी उशिरा शिकलो, आणि माझ्या उशिराची किंमत दुसऱ्याने दिली. ते सांगतो.

२००३ च्या सुमारास एका डाळमिलातले एक आबा निवृत्त झाले. मिलचे नाव नको, आबांचेही नको. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून त्यांना बऱ्यापैकी रक्कम आली. ती मिळविण्यासाठी मी दीड वर्ष कचेऱ्यांचे उंबरे झिजविले होते. फाटकाशी सभा घेतली, हार घातला, मी भाषणही ठोकले. लढा जिंकला असे मला वाटत होते. तीन वर्षांनी आबा हातात पिशवी घेऊन युनियनच्या कचेरीत आले. रक्कम मुलाच्या दुकानात गेली होती, दुकान बसले होते. मुलगा पोटामागे सुरतेला गेला होता. "आणि घर?" मी विचारले. ते म्हणाले, "घर पोऱ्याना नाववर करी दिधं, भाऊ. त्यानीच इकं." आम्ही वर्गणी काढली, एका आश्रमात त्यांना जागा पाहून दिली. तिथे ते दोन वर्षे होते. मी भेटायला गेलो की दर वेळी एकच बोलत : "मला कोणी विचारलंच नाही." त्यात माझीही गणना होते. हार घालताना मी त्यांना विचारायला हवे होते, की आबा, आता पुढे काय ठरविले आहे? मी रकमेसाठी भांडलो, रकमेच्या पुढल्या दिवसाचा विचार केला नाही.

२००७ चा कायदा तेव्हा नव्हता. आज आहे, आणि त्यातले २३ वे कलम प्रत्येकाने पाठ करावे. मुलाला घर किंवा शेत देताना 'माझा सांभाळ करावा' या अटीवर दिले, आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. मात्र हे कलम कायदा आल्यानंतरच्या व्यवहारांना आहे. आणि अट असावी लागते. ती बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. तोंडी बोलणे पुढे कोर्टात वाद वाढविते. याच कायद्याखाली निर्वाहासाठी प्रांतसाहेबांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये घातली आहे. ज्याला स्वतः जाणे झेपत नाही, त्याच्या वतीने त्याने नेमलेली संस्थाही अर्ज करू शकते. आमची युनियन करते.

आता त्या पहिल्या प्रश्नाची आकडेमोड. समजा, एकाजवळ ६ लाख रुपये आहेत आणि महिना २,५०० पेन्शन आहे. आश्रमाचा आकार महिना १२,००० धरू. पेन्शन वजा जाता वर्षाला १,१४,००० गाठीचे लागतील. बँकेचे व्याज शेकडा ७ धरले आणि आकार कधीच वाढणार नाही असे मानले, तर रक्कम सहा वर्षे पुरून थोडी उरते. माणूस म्हणतो, ठीक आहे. पण आकार दर साल शेकडा ८ नी वाढला, तर रक्कम पाच वर्षांच्या आसपासच संपते. त्यात आरंभीच एक लाख अनामत गेली, तिच्यावर व्याज नाही, तर चार वर्षांच्या आसपासच गाठ सुटते. आणि आपल्या देशात साठी गाठलेला माणूस सरासरीने आणखी सतराअठरा वर्षे जगतो. हिशेबात अजून औषध धरलेले नाही, अंथरुणाला खिळल्यावरचा जादा आकार धरलेला नाही.

हे आकडे मी भीती घालायला सांगत नाही. यातून निघते ते इतकेच, की आश्रमात जाण्याचा विचार वेळेवर आणि पुरता करावा. जाण्यापूर्वी पाच गोष्टी लेखी विचाराव्या. अनामत परत मिळते काय, केव्हा, किती कापून? आकार वाढविताना किती आधी कळविणार? माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवणार की घेऊन जा म्हणणार? दवाखान्यात नेले तर खर्च कोणाचा आणि सही कोणाची? आणि जोडप्यातला एक गेला, तर मागे राहिलेल्याची खोली तीच राहणार काय? ज्या आश्रमाचा चालक ह्या प्रश्नांनी रागावतो, तिथे जाऊ नये.

एका बाईंची गोष्ट सांगतो. चटईच्या कारखान्यात बावीस वर्षे राबलेली विधवा बाई, आम्ही तिला आक्का म्हणतो. मुलगी नांदायला गेलेली. आक्काने आपली दोन खोल्यांची जागा कोणाच्या नावावर केली नाही. एक खोली भाड्याने दिली. मग मला म्हणाली, "भाऊ, आश्रमात महिनाभर राहून पाहते." महिन्याचा आकार भरला, राहिली, आणि परत आली. "जेवण चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण माझे हातपाय चालतात तोवर माझी चूल बरी. पुढे लागलं तर तिथंच जाईन. बघून ठेवलंय." आक्का पुढे जाईल की नाही, मला ठाऊक नाही. पण जाईल तेव्हा तिला कोणी नेऊन टाकलेले नसेल.

कोणी म्हणेल, वृद्धाश्रम ही आपल्या संस्कृतीला लाज आहे. मला तसे वाटत नाही. सुरतेला, पुण्याला एका खोलीत राहणारा मुलगा आईला जवळ ठेवू शकत नाही, यात नेहमीच कृतघ्नता नसते. कित्येकदा खोलीच तेवढी असते. लाज आश्रमात जाण्याची मानू नये. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला आपण कुठे राहणार हे दुसऱ्याकडून कळावे, याची मानावी.

आमच्या युनियनमध्ये आता एक रीत आम्ही पाडली आहे. सभासद पन्नाशीला आला की त्याला बोलावतो आणि नवराबायको दोघांना समोर बसवितो. बायकोला मुद्दाम बसवितो, कारण बहुधा मागे तीच राहते. वारसनोंद तपासतो, घर कोणाच्या नावावर आहे ते पाहतो, पेन्शनचा कागद वाचून दाखवितो. आणि आबांना जे कोणी विचारले नाही ते विचारतो : तुम्हाला कुठे राहायचे आहे? पुष्कळ जण हसतात. म्हणतात, भाऊ, त्याला अजून पुष्कळ वेळ आहे. मी म्हणतो, म्हणूनच आज विचारतो.

आपण येथे जमलेले बहुतेक जण माझ्याहून शिकलेले आहात. आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि हा एकच प्रश्न विचारा. उत्तर लगेच येणार नाही. आजवर त्याला कोणी विचारलेले नसेल, म्हणून वेळ लागेल. तेवढा वेळ बसा.